इफ्फीला जाताय? आधी काय सोडायचं ते ठरवा

ऑक्टोबर संपत आला की दोन-तीन मित्रांचे मेसेज हमखास येतात, "अरे यावर्षी गोव्याला इफ्फीला यायचंय, काय करायचं असतं नक्की?" (इफ्फी म्हणजे भारताचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव.) आणि मी दरवर्षी व्हॉट्सअ‍ॅपवर तेच तेच टाइप करत बसतो. त्यामुळे आता एकदाच सगळं लिहून टाकतोय, पुढच्या वर्षी नुसतं चिकटवलं की काम झालं.

आधी हिशोब बघा. फेस्टिव्हल नऊ दिवसांचं, साधारण २० ते २८ नोव्हेंबर. पिक्चर दोनशेहून जास्त. तुम्ही अगदी घोड्यासारखे पळालात आणि रोज चार बघितलेत तरी छत्तीस होतात, म्हणजे सहातले पाच सुटणारच आहेत, काहीही करा. पहिल्यांदा जाणारा माणूस इथेच चुकतो, तो "काय काय बघू" अशी लिस्ट बनवतो आणि ती शंभराची होते, मग तिसऱ्या दिवशी चिडचिड सुरू. लिस्ट करायची ती सोडायच्या पिक्चरची. हे मला कोणी शिकवलं ते पुढे सांगतो.

नवीन लोकांसाठी थोडक्यात: इफ्फी सुरू झालं १९५२ ला, पहिलं मुंबईत झालं होतं. नंतर बरीच वर्षं दिल्ली आणि इतर शहरं असं फिरत राहिलं आणि २००४ पासून पणजीला येऊन टेकलं ते कायमचंच. इथलं सगळ्यात मोठं बक्षीस सोनेरी मोर म्हणजे गोल्डन पीकॉक, मेन कॉम्पिटिशनमध्ये साधारण पंधरा पिक्चर, पहिल्या नंबराला ४० लाख रुपये, डिरेक्टर आणि प्रोड्युसरमध्ये वाटून.

पास

ऑनलाइन रजिस्ट्रेशन होतं. आपल्यासारख्या नुसत्या बघणाऱ्यांची कॅटेगरी वेगळी, फिल्म प्रोफेशनलची वेगळी, स्टुडंटची वेगळी. आपली फी हजार रुपयांच्या आसपास असते, नऊ दिवसांचे पिक्चर बघता हे फुकटच म्हणायचं. उगाच प्रोफेशनल कॅटेगरी टाकू नका, त्याचे पुरावे मागतात आणि पिक्चर तेच असतात. फिल्म बझार म्हणून जे काही ऐकता (एनएफडीसीने, म्हणजे सरकारच्या फिल्म कॉर्पोरेशनने, २००७ ला सुरू केलं, आता नाव वेव्हज फिल्म बझार) तो खरंच बाजार आहे, स्क्रिप्ट घेऊन पैसे शोधणारे आणि पैसे घेऊन स्क्रिप्ट शोधणारे. त्याची फी वेगळी आणि चांगली जड असते, पिक्चर बघायला जाणाऱ्याने तिकडे फिरकायची गरज नाही. ओरिजिनल आयडी सोबत ठेवा, पास घेताना लागतो, आणि एकदा गळ्यात अडकवलेला पास अंघोळ सोडून काढू नका, हे मी गंमत म्हणून सांगत नाहीये, हॉटेलवर विसरलात तर एक अख्खा शो जातो.

जाणं, राहणं

मुंबईहून कोकणकन्या किंवा मांडवी पकडा आणि मडगावला जाऊ नका, करमाळीला उतरा, पणजीला ते खूपच जवळ. मडगाव तीसेक किलोमीटर लांब आहे. टॅक्सी गोव्यात महाग, नेहमीच्या अ‍ॅपच्या गाड्या तिथे चालत नाहीत, गोवामाइल्स डाउनलोड करून ठेवा. एकटे असाल तर पायलट. पायलट म्हणजे मोटारसायकलवाला भाऊ, मागे बसायचं, भाव आधीच ठरवायचा.

राहायला पणजीतच मिळालं तर उत्तम, पण नोव्हेंबरात रेट चढलेले असतात. मी दोनदा मांडवी नदीच्या पलीकडे बेतीला राहिलोय, तिथून पणजीला फेरीबोट आहे, चालत जाणाऱ्याला फुकट, सकाळी फेरीत उभं राहून चहा पीत (चहा घरून नेलेला) पहिल्या शोला जायचं यासारखं सुख नाही. रात्री शेवटच्या शोनंतर मात्र फेरीचं टायमिंग आधी विचारून ठेवा. कळंगुट-बागाला रूम घेऊ नका. "स्वस्तात मिळाली रे" म्हणून घेतात, आणि मग रोज जाण्यायेण्यात एक पिक्चर जातो. बीच बघायचाच असेल तर मिरामार आहेच, चालत जा.

बहुतेक सगळं आयनॉक्सच्या आसपास असतं, मांडवीच्या काठाला, जुन्या जीएमसी (गोवा मेडिकल कॉलेज) बिल्डिंगला लागून. कला अकादमी तिथून कांपालला चालत दहा-बारा मिनिटं. पर्वरीचा आयनॉक्स पुलापलीकडे, आणि संध्याकाळचं ट्रॅफिक तुम्हाला माहितीये. काही वर्षी मडगाव-फोंड्यालाही शो लावतात. माझा नियम सोपा आहे, एका दिवसात पूल एकदाच ओलांडायचा. पर्वरीला गेलात तर तिथेच दोन पिक्चर बघून या.

आता मेन काम, निवड

एक गोष्ट सांगतो. माझं पहिलं वर्ष. मी रोज पाच पिक्चर बघायचे असं ठरवून गेलो होतो, एक्सेल शीट बनवली होती रंगीत. तिसऱ्या दिवशी दुपारच्या शोला एसीमध्ये असा झोपलो की उठलो तेव्हा पडद्यावर नावं चालू. शेजारी केरळचे एक काका होते, साठी ओलांडलेले, मुंडू, खांद्याला शबनम. (केरळची माणसं या फेस्टिव्हलला प्रचंड येतात आणि सगळ्यात तयारीने येतात, त्यांच्या मागे लाइनीत उभे राहिलात तर अर्धं शिक्षण तिथेच होतं.) ते हसले आणि मोडक्या हिंदीत म्हणाले, "अच्छा नींद था, पिक्चर उतना अच्छा नहीं था." मग त्यांनी आपली वही दाखवली. शाळेची रेघांची वही. प्रत्येक पिक्चरला एक ओळ, देश, डिरेक्टर, मिनिटं, आणि शेवटी एकतर फुली किंवा गोल. मी विचारलं गोल म्हणजे चांगला का? म्हणाले नाही, गोल म्हणजे हा पुन्हा कधी दिसणार नाही. फुली म्हणजे हा येईल, कुठे ना कुठे येईल, सोडा.

मी माझी एक्सेल शीट त्याच रात्री उडवली.

म्हणजे प्रत्यक्षात काय करायचं? फ्रान्सच्या कान फेस्टिव्हलला (हो, कान, शेवटचा स उच्चारत नाहीत, पण तुम्ही कान्स म्हणालात तरी कोणी फासावर देत नाही) ज्याला पाम द'ओर, म्हणजे तिथलं पहिलं बक्षीस, मिळालाय तो पिक्चर इफ्फीत आला की झुंबड उडते. दोन दोन तास लाइन. पण तो पिक्चर आज ना उद्या थेटरात येतो नाहीतर ओटीटीवर येतो, त्याला फुली. व्हेनिसचा गोल्डन लायन, बर्लिनचा गोल्डन बेअर, तेच. अपवाद म्हणजे ज्याची फोटोग्राफी मोठ्या पडद्यासाठीच आहे असं तुम्हाला पक्कं वाटतंय तो.

गोल कोणाला द्यायचे? मोठ्या फेस्टिव्हलच्या साइड सेक्शनला. कानचं अं सर्तें रगार, डिरेक्टर्स फोर्टनाइट, क्रिटिक्स वीक, व्हेनिसचं ओरिझोन्ती, बर्लिनचं फोरम आणि पॅनोरमा. खरा माल इथे असतो, नवीन डिरेक्टर इथूनच येतात. आपल्याच घरचं उदाहरण घ्या, चैतन्य ताम्हाणेचा 'कोर्ट' २०१४ ला व्हेनिसला मेन कॉम्पिटिशनमध्ये नव्हता, ओरिझोन्तीमध्ये होता आणि तिथे बेस्ट फिल्म ठरला. तेव्हा जगातल्या कुठल्यातरी फेस्टिव्हलला एखाद्याने कॅटलॉगमध्ये "मराठी, नवीन डिरेक्टर, कोर्टातली केस" वाचून फुली मारलीच असेल ना? तो माणूस तुम्ही होऊ नका. तसंच 'स्थळ'ला २०२३ ला टोरांटोत नेटपॅक मिळालं, 'साबर बोंडं'ला २०२५ ला सनडान्सला वर्ल्ड सिनेमा ड्रॅमॅटिकचं ग्रँड ज्युरी. नेटपॅक म्हणजे आशियाई सिनेमासाठीचं ज्युरी, फिप्रेस्की म्हणजे जगभरच्या समीक्षकांचं. कॅटलॉगमध्ये नावापुढे हे दोन शब्द दिसले की मी जरा थांबून वाचतो. मेन ज्युरीमध्ये नटनट्या असतात, त्यांची तडजोड होते, समीक्षक मात्र भांडून भांडून ठरवतात असा माझा आपला समज.

दुसरी युक्ती ऑस्करच्या इंटरनॅशनल फीचर या बक्षिसाची. प्रत्येक देश एकच पिक्चर पाठवतो आणि ही नावं बहुतेक देशांनी इफ्फीच्या आधीच जाहीर केलेली असतात. इफ्फीची लिस्ट आणि ती नावं शेजारी ठेवा, बरीच नावं जुळतात. मोठ्या देशांची सोडा, छोट्या देशांची धरा. ज्या देशात वर्षाला मोजून पाच-सात पिक्चर बनतात त्यांनी त्यातून एक निवडून पाठवला म्हणजे काहीतरी असणार. (आपल्याकडून मराठी गेलेत ते 'श्वास', 'हरिश्चंद्राची फॅक्टरी' आणि परत 'कोर्ट', एवढ्या मोठ्या देशातून एक निवडायचा म्हणजे काय मारामारी होत असेल बघा.)

गोल्डन पीकॉकवाली कॉम्पिटिशन लोक सोडतात, कारण नावं ओळखीची नसतात. मी उलट सांगेन, त्यातले चार तरी बघा. गेल्या काही वर्षांत जिंकलेले बघा ना, २०२२ ला कोस्टा रिकाच्या डिरेक्टर बाईचा, २०२४ ला लिथुएनियाचा, ही नावं घेऊन तुम्हाला पुण्या-मुंबईत कुठलं थेटर पिक्चर दाखवणार आहे? आणि २०२५ ला तर 'गोंधळ'साठी संतोष डावखरला बेस्ट डिरेक्टरचा रौप्य मयूर मिळाला, मराठी पिक्चर, त्याच कॉम्पिटिशनमध्ये. ज्यांनी नाव ओळखीचं नाही म्हणून सोडला असेल ते नंतर हळहळले असतील.

सिनॉप्सिस वाचून निवडू नका बरं का. सगळे सिनॉप्सिस सारखेच असतात, "एक तरुणी गावी परतते आणि भूतकाळाला सामोरी जाते". यात मास्टरपीसही बसतो आणि दोन तास भिंतीकडे बघणंही बसतं. डिरेक्टरचा आधीचा पिक्चर कुठला ते शोधा, त्याचा ट्रेलर फक्त एक मिनिट बघा, कॅमेरा कसा ठेवलाय तेवढं कळतं, बास.

मिनिटं बघायचीच. १८० मिनिटांचा पिक्चर जेवणानंतर ठेवायचा नाही. सकाळी नऊचा शो सगळ्यात जड पिक्चरचा, दुपारी काहीतरी पळणारं, रात्री काहीही चालेल. रिस्टोअर केलेले जुने पिक्चर दुपारी बघा, आर्काइव्हने साफ केलेली प्रिंट मोठ्या पडद्यावर बघणं ही वेगळीच चैन आहे आणि गर्दीही कमी असते.

इंडियन पॅनोरमा म्हणजे इफ्फीतला भारतीय पिक्चरचा विभाग, १९७८ पासून आहे. पंचवीस फीचर, वीस नॉन-फीचर (डॉक्युमेंटरी, शॉर्ट फिल्म) असा साधारण आकडा. यातले हिंदी आणि मोठ्या स्टारचे सरळ फुली, बाकी आसामी, मणिपुरी, खासी, तुळू, संस्कृत जे असेल ते बघा, कारण ते आपल्या गावात येणार नाहीत. आपल्याच देशातला पिक्चर आपल्याला गोव्यात जाऊन सबटायटल वाचत बघावा लागतो, असो. नॉन-फीचर सोडू नका, बऱ्याचदा फीचरच्या आधी जोडूनच लावतात, आणि टीम बहुतेक वेळा हजर असते.

आणि जाहीर झालेली लिस्ट म्हणजे काळ्या दगडावरची रेघ समजू नका. २०१७ ला पॅनोरमाच्या ज्युरीने निवडलेले दोन पिक्चर, त्यात रवी जाधवचा 'न्यूड', वरून काढले गेले होते, ज्युरीचे अध्यक्ष सुजॉय घोष यांनी राजीनामा दिला होता. इतकं मोठं काही नेहमी होत नाही, पण शेवटच्या क्षणी शो बदलणं सर्रास होतं. त्याचं एक टेक्निकल कारण आहे. पिक्चर आता डीसीपी म्हणून येतो, म्हणजे लॉक केलेली फाइल, तिची किल्ली (केडीएम म्हणतात) वेगळी येते, आणि ती ठरावीक मशीनवर ठरावीक वेळेतच चालते. किल्ली चुकीच्या स्क्रीनची आली किंवा वेळ सरली की हॉल भरलेला, डिरेक्टर स्टेजवर, आणि पडदा काळा. त्यामुळे प्रत्येक स्लॉटला दुसरा चॉइस लिहून ठेवा.

बुकिंग

बुकिंग ऑनलाइन, थोडं आधी उघडतं, आणि उघडलं की मिनिटात भरतं. आधी लॉगिन करून बसा, चारही स्लॉटचे पिक्चर कागदावर लिहिलेले असू द्या, तिथे विचार करत बसलात तर गेलात. क्रम असा: ज्याची सगळ्यात लवकर भरण्याची भीती तो पहिला, तुम्हाला सगळ्यात आवडणारा तो नव्हे. कोस्टा रिकाचा पिक्चर दहा मिनिटांनीही मिळतो.

मिळालं नाही तरी रश लाइन आहे. बुक केलेले सगळे येत नाहीत, मग उरलेल्या सीटवर लाइनीतल्यांना सोडतात. माझे सगळ्यात भारी पिक्चर रश लाइनीतूनच बघून झालेत, कारण आपण ठरवलेला नसतो, समोर जे उघडेल त्यात घुसायचं. पाऊण तास आधी उभे राहा, पाण्याची बाटली, आणि गप्पा मारा, "काल काय बघितलं?" एवढं विचारलं की समोरचा सुटतो. कॅटलॉगपेक्षा ही माहिती खरी असते. तीन अनोळखी माणसांनी एकाच पिक्चरचं नाव घेतलं की मी डोळे झाकून त्याच्या दुसऱ्या शोला जातो.

हॉलमध्ये

शाल किंवा फुल शर्ट. बाहेर नोव्हेंबरातही घाम आणि आत काश्मीर.

सबटायटलची भीती बऱ्याच जणांना असते, मराठी मीडियमच्या लोकांना जास्त, माझ्या मावशीला होती. पहिले दोन पिक्चर त्रास होतो, तिसऱ्यापासून आपण वाचतोय हे विसरायला होतं. सुरुवातीला कमी बोलणारे पिक्चर घ्या, फेस्टिव्हलात त्यांची कमी नाही. आणि एखादा इराणी पिक्चर नक्की घ्या, कान उघडे ठेवा, मध्येच "हजार", "बाजार", "पर्दे" असं ऐकू येतं आणि मजा वाटते, फारसीने आपल्याकडे किती सामान ठेवलंय ते तिथे कळतं. मावशी मध्येच मोठ्याने म्हणाली होती, "अगं बाई, हे तर आपलंच बोलतायत!" अख्ख्या हॉलने मागे वळून बघितलं.

मधल्या रांगा चांगल्या, पण पिक्चरबद्दल खात्री नसेल तर कडेची सीट घ्या. उठून जाणं गुन्हा नाही, अर्धा तास द्या आणि नाही जमलं तर वाकून, मोबाइलचा उजेड न पाडता निघा, बाजूच्या स्क्रीनला अजून चान्स असतो. मात्र डिरेक्टर हॉलमध्ये असेल तर बसा हो. चार वर्षं घालवलेली असतात त्याने.

फेस्टिव्हलला पिक्चर सेन्सॉर सर्टिफिकेटशिवाय दाखवायची सूट मंत्रालयाकडून मिळते, त्यामुळे कट नसतात. सासूबाईंना घेऊन जाणार असाल तर याचा विचार आधी करा, ऐनवेळी छताकडे बघत बसावं लागतं.

पिक्चर संपल्यावर प्रश्नोत्तरं असतात. प्रश्न विचारा, छोटा विचारा. "माझा प्रश्न नाही, मला फक्त एवढंच म्हणायचंय की" अशी सुरुवात करून सात मिनिटं बोलणारे एक गृहस्थ प्रत्येक शोला असतात, ते तुम्ही नका होऊ.

खाणं

दोन शोमध्ये चाळीस मिनिटं असतील तर आवारातल्या स्टॉलवर वेळ आणि पैसे घालवू नका. पायलट पकडा, गावात जाऊन भाजी-पाव खा, भोसले किंवा ताटो, पातळ भाजी, सोबत बन्स (केळं घातलेली गोड पुरी) मिळाला तर सोन्याहून पिवळं. संध्याकाळी गाड्यावर रस ऑम्लेट, म्हणजे रस्सा घातलेलं ऑम्लेट. फिश थाळी मात्र दुपारच्या शोआधी खाऊ नका. पहिल्या वर्षी माझी जी झोप लागली ती त्या डिरेक्टरच्या माथी मारणं बरोबर नाही, त्यात सुरमईचाही हात होता.

रोज तीन पिक्चर, फार तर चार. पाचव्या दिवशी अर्धा दिवस सुट्टी घ्या, फोन्तेन्यात फिरा, नदीकाठी बसा, डोळ्यांना पडद्याशिवाय काहीतरी दाखवा. ओपनिंग आणि क्लोजिंग सेरेमनी मी बघत नाही, भाषणं असतात, त्या वेळात कुठेतरी पिक्चर चालू असेल तर बरा.

आणि परतीचं तिकीट २९ चं काढा, सकाळची मांडवी, गाडीतलं खाणं चांगलं असतं. गाडीत बसलात की आधी वही काढा आणि प्रत्येक पिक्चरपुढे दोन ओळी लिहा, नुसतं "छान" नाही, एक सीन लिहा, कारण घरी पोचेपर्यंत सगळे पिक्चर एकमेकांत मिसळतात. मी पहिल्या वर्षी लिहिलं नव्हतं. पहाटेचं धुकं, गुडघाभर पाण्यात उभा असलेला पांढरा घोडा, काठावर एक बाई कपडे पिळतेय आणि घोडा तिच्याकडे नुसता बघतोय. कुठल्या देशाचा पिक्चर, काय नाव, काही केल्या आठवत नाही. कोणी बघितला असेल तर सांगा राव.